रुमालाखालचा सौदा

जळगावच्या कापूसबाजारात तो रोज यायचा, पण कापूस कधी घ्यायचा नाही. स्वतः गोष्ट लिहून, स्वतःच काम करून तो मूकपट काढायचा. बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडायचा आणि दोन्ही हातांची चौकट धरून माझ्याकडे बघत राहायचा. मला ते खपत नसे.

आम्ही व्यापारी भाव तोंडाने बोलत नाही. रुमालाखाली शेतकऱ्याची बोटं दाबून ठरवतो. शेजारच्याला पत्ता लागला की धंदा बुडाला.

एकदा तो म्हणाला, "शेठ, हा सौदा मला चित्रात पाहिजे."

"आणि माझं गुपित गावभर करतोस?" मी खेकसलो.

"रुमाल उचलणार नाही. आईची शपथ."

मला भरवसा नव्हता. धुळ्याला चित्र लागलं तेव्हा पहिल्याच खेळाला जाऊन बसलो. पडद्यावर व्यापारी झाला होता तो स्वतः. टोपी माझ्यासारखी, पोटही माझ्यासारखं. हात रुमालाखाली गेले आणि मी बाकावर पुढे सरकलो. पण रुमाल हलला नाही. फक्त त्याचा चेहरा मोठा होऊन समोर आला. भाव वाढवायच्या आधी त्याची डावी पापणी दोनदा फडफडली. लोक हसले. मी निश्चिंत होऊन घरी आलो.

आठवडाभराने चोपड्याच्या एका शेतकऱ्याने रुमालाखाली हात दिला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसला.

"शेठ, पापणी हालनी," तो म्हणाला. "आते वाढाडा भाव."