न विचारता सल्ला

कवळ्या बनवण्याचा धंदा असा, की माणूस समोर येतच नाही, येतो तो त्याचा जबडा. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे. हा कारागीर त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात रोवायचा, गुलाबी हिरडी शिजवून काढायचा आणि फिरत्या चाकावर घासून चकाकी आणायचा. तीस वर्षांत शहरातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी हसत होती, पण रस्त्यात एकानेही त्याला ओळखलं नसतं. दवाखान्यांतून सगळे त्याला 'कवळी'च म्हणत. कवळीला सांगा, खालचे दात टोचतायत. कवळीला म्हणावं, आजोबांना शिट्टी वाजल्यासारखं होतंय. त्याला त्याचं काही वाटत नसे.

घरात मात्र त्याचाच आवाज. वडील लवकर गेले, विसाव्या वर्षी तो कर्ता झाला आणि तेव्हापासून जो सुटला तो सुटलाच. कोणी काय शिकावं, पंखा कितीवर ठेवावा, चप्पल कुठली घ्यावी, सगळं हा सांगणार. बायको म्हणायची, लोकांच्या तोंडात दात बसवतो आणि आमची तोंडं बंद करतो.

सगळ्यात जास्त सोसलं ते थोरल्या बहिणीने. नवरा वारला तेव्हा ती चाळिशीची होती. मुलींच्या एका वसतिगृहावर देखरेखीची नोकरी चालून आली होती, राहायच्या खोलीसकट. याने मोडता घातला. भाऊ धडधाकट असताना बहिणीने परक्या गावात चाकरी करायची, हे त्याला पटेना. तिथल्या बाईंना त्याने परस्पर कळवूनही टाकलं, ती येणार नाही म्हणून. ताई भांडली नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत राहिली आणि पंधरा वर्षं भावाशी कामापुरतं बोलली.

पन्नाशीनंतर कवळीला रक्तदाब जडला. डॉक्टर म्हणाले, डोकं जरा थंड ठेवा. कुणीतरी त्याला 'निवांत'मध्ये नेऊन बसवलं. नेलं म्हणजे काय, फोनवरच. रोज सकाळी सहाला चारशे माणसं आपापल्या घरी फोनपुढे तासभर डोळे मिटून बसत आणि नंतर ज्याला जे सुचेल ते गटावर लिहीत. देव मानणारे होते, न मानणारेही होते. सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एवढीच, की एकमेकांचा मान राखायचा आणि न विचारता कुणाला सल्ला द्यायचा नाही. ज्याची वाट त्याची.

कवळीला आधी हसू आलं. मग सहा-सात महिन्यांनी, लॅबमध्ये कुणाचा तरी खालचा जबडा हातात असताना, त्याच्या ध्यानात आलं की आपण जन्मभर न विचारता सल्ला देण्यापलीकडे काही केलंच नाही. त्याने जबडा खाली ठेवला, हात पुसले आणि ताईला फोन लावला.

"चुकलो मी. यापुढे तुला काही सांगणार नाही. शब्द देतो."

ती म्हणाली, हे तुला शिकवलं तरी कोणी, ते एकदा बघायला पाहिजे. अशी ताईही निवांतमध्ये आली.

ते वर्ष त्या दोघांचं फार चांगलं गेलं. भाऊ रविवारी तिच्याकडे जाऊन बसायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा आणि साखर कमी असली तरी बोलायचा नाही. ताई गटावर लिहू लागली, आणि लिहायची अशी की लोक वाट बघत. एकदा तिने लिहिलं, सत्तावन्न वर्षांत मला ही पहिली जागा मिळाली जिथे कुणी मला अमुक कर म्हणत नाही. गटाच्या प्रमुख बाईंनी ते सकाळच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. कवळीने डोळे मिटलेलेच ठेवले.

पुढे त्याला सेवक केलं. गटावरचा मजकूर आधी सेवकाकडे यायचा. नियमात बसला तर पुढे सोडायचा, नाहीतर अडवून लिहिणाऱ्याला दोन गोड ओळी पाठवायच्या. हेही काम त्याने दातांसारखंच केलं, कुठे टोक राहू दिलं नाही.

मग एका सोमवारी ताईने लिहिलं की तिने मधुमेहाची इंजेक्शनं थांबवली आहेत. वीस वर्षं शरीरावर हुकूम चालवला, आता त्याचं ऐकायचं आहे. टाचेला एक फोड आलाय, सकाळी त्याच्यासोबत शांत बसते. कवळीने ते तीनदा वाचलं. मजकूर नियमात बसत होता. त्याने सोडला. खाली जोडलेले हात आले, शंभरावर.

दुपारी अडवण्याजोगा एक मजकूर आला. लिहिणारा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला कंपाउंडर होता. बोलायला खरखरीत, दोनदा समज दिलेला. त्याने लिहिलं होतं, बाई, साखरवाल्याच्या टाचेचा फोड ही शांत बसून बघायची गोष्ट नव्हे, इंजेक्शन चालू करा आणि आज दवाखान्यात जा. कवळीला ठाऊक होतं की हा माणूस खरं बोलतोय. पण ताईने विचारलं नव्हतं. त्याने मजकूर काढला, गोड ओळी पाठवल्या, आणि स्वतः ताईला फोन केला.

"पाय कसा आहे गं?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग बरा आहे," ताई म्हणाली आणि हसली. तिचं हसणं ऐकून त्याच्याने पुढे बोलवेना. पंधरा वर्षांनी हाती लागलेलं ते हसणं होतं.

रविवारी ती मोजे घालून बसली होती. त्याने मोज्यांकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघं मुद्रितांबद्दल बोलले. कंपाउंडरने आणखी एकदा लिहिलं, तेही काढलं. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं, महिनाभरात पाय जाईल, इथे चारशे शहाणे बसलेत, एकाच्याही तोंडात दात नाहीत का. कवळीने प्रमुख बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आपण कुणाच्या प्रवासात हात घालत नाही, आणि हे शब्द मानाचे नाहीत. त्याच दिवशी कंपाउंडरला गटातून काढलं. बटण कवळीनेच दाबलं.

पुढचे दोन रविवार ताई म्हणाली, येऊ नकोस, मुद्रितं फार आहेत. तोही गेला नाही, तिचा रोजचा मजकूर मात्र पुढे सोडत राहिला. पाचव्या आठवड्यात ताईच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. वास येतोय म्हणाल्या, आणि तुमच्या ताई दार उघडत नाहीत.

दार त्याने खांद्याने उघडलं. ताई तापात होती. मोजा काढायला गेला तर मोजा निघेना.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शल्यविशारद तरुण मुलगी होती, रागाने लाल झालेली. घरात सांगणारं कोणी नव्हतं का, असं तिने भर व्हरांड्यात विचारलं. कवळीने मान खाली घातली. तिला वाटलं, तो अडाणी आहे.

चौथ्या दिवशी ताई उशाला टेकून बसली. पांघरूण एका बाजूला सपाट होतं, तिकडे ती बघत नव्हती. गटावर तिच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहून आलं होतं. तिने फोन बाजूला ठेवला.

"चारशे माणसं रे," ती म्हणाली. "मी रोज लिहीत होते. काळा पडतोय असंही लिहिलं. एकानेही म्हटलं नाही, बाई, हे चुकतंय. मला वाटलं, कुणीच काही म्हणत नाही म्हणजे बरोबरच असणार."

तिला कधीच कळलं नसतं. कवळीच्या मनात ते येऊन गेलं. पाण्याचा पेला उचलून तो देणार होता, त्याने तो तसाच हातात धरला.

"एकजण म्हणाला होता," तो म्हणाला. "तीनदा. मी काढून टाकलं. आणि त्यालाही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिने हात पुढे केला तो पेल्यासाठी नव्हे, त्याच्या फोनसाठी. "नंबर लाव त्याचा."

त्याने लावून दिला. कंपाउंडरचा आवाज एवढा मोठा, की पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनेही मान वळवली. ताईने आपण कोण ते सांगितलं.

"पाय?"

"गेला. उजवा. गुडघ्याखाली."

मग तो जो सुटला तो पाच-सात मिनिटं थांबला नाही. बाई, तुला अक्कल आहे का, इंजेक्शन म्हणजे काय गळ्यातली माळ आहे काढून ठेवायला, शिकलेली बाई तू, दुसरा पाय तरी रोज बघ, आरसा धरून तळवा बघ, अनवाणी चालशील तर खबरदार. ताई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आणि मला हाकलला कोणी? कोण तो शहाणा?"

"भाऊ आहे माझा," ताई म्हणाली.

कवळी पेला धरून उभाच होता.

"बरं," कंपाउंडर म्हणाला, आवाज खाली आणून. "तिथे तुझ्यासोबत कोण आहे?"

ताईने भावाकडे पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.