स्वतःच्या बास्केटमधले दोन गुण

माझ्या मुलीच्या हाताला लागून बॉल तिच्याच संघाच्या बास्केटमध्ये पडला, तेव्हा पंच मी होतो.

मी त्या काळात हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रविवारी शिट्टी वाजवून त्याच दाखवायच्या, यात सुट्टी कसली, असं बायको म्हणायची. मुलीच्या मॅचला मी पंच म्हणून कधीच उभा राहत नसे. पण कोथरूडच्या शाळेतल्या त्या फायनलला नेमलेल्या पंचाला ऐन वेळी ऑफिसने बोलावून घेतलं. माझ्या नावाला दोन्ही कोचची हरकत नव्हती. नाही म्हणायला हवं होतं मीच. पण तिला इतक्या जवळून खेळताना बघायची हौस होती, खोटं कशाला बोलू?

निवड समितीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. राज्याच्या शिबिरासाठी तिचं जवळजवळ ठरलंच होतं, ही मॅच तेवढी नीट जायला हवी होती. दोन वर्षं ती शाळेआधी एकटी जाऊन सराव करत होती.

शेवटचे काही सेकंद उरले होते आणि तिचा संघ एका गुणाने पुढे होता. समोरच्या मुलीचा शॉट रिंगला लागून उडाला. माझ्या मुलीने तो पकडायला उडी मारली, आणि बॉल तिच्या बोटांना लागून आत गेला.

अशी वेळ क्वचित येते. बॉल चुकून पडला तर बास्केट धरायची, दोन गुण समोरच्या संघाला. मुद्दाम टाकला तर बास्केट रद्द. चुकून की मुद्दाम, हे पंचाने आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. खेळाडूला विचारायचं नसतं.

तिचे कोच धावत आले आणि म्हणू लागले की तिने मुद्दामच टाकलाय, रद्द करा. एरवी हसलो असतो.

मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. चुकून झालं हे मला स्वच्छ दिसलं होतं. तरी मी तिच्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "मुद्दाम टाकलास?"

पंधरा वर्षांची होती ती. नुसतं हो म्हणाली असती तर संघ जिंकला असता. तिने मैत्रिणींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही. चुकून लागला."

मी दोन बोटं दाखवली. स्कोअरशीटवर अशी बास्केट समोरच्या कॅप्टनच्या नावावर लिहितात, त्यामुळे माझ्या मुलीचं नाव तिथे कुठेच आलं नाही. मैत्रिणींनी मात्र लक्षात ठेवलं. डबा खायला तिच्याशेजारी कोणी बसेना. शिबिराच्या यादीत ती नव्हती. महिन्याभरात तिने बूट माळ्यावर टाकले. लोक मात्र काय प्रामाणिक मुलगी म्हणून माझं कौतुक करत, आणि मी ते करून घेत असे.

पुढे ती इंजिनिअर झाली, अमेरिकेला गेली. बऱ्याच वर्षांनी एकदा फोनवर मी म्हटलं की त्या दिवशी तू खरं बोललीस, याचा मला अजून अभिमान वाटतो.

"बाबा, तुम्ही तर जवळच उभे होतात. तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग मला का विचारलंत?"

तिच्याविरुद्धचा निकाल माझ्या तोंडून यायला नको होता, म्हणून. इतकं साधं उत्तर होतं. मी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.