पक्ष क्रमांक दोन

भांडणं मिटतात, माणसं विसरतात, किस्से मात्र घरच्या कोठीतल्या धानासारखे साचत जातात. माझे साचले ते गोंदियाच्या रविवारच्या वर्गात. विषय होता शांतता आणि संघर्ष. मोबाईलची रिंगटोन वाजली की सगळा वर्ग वळून बघायचा, तेव्हाची गोष्ट. शाळा मी चौथीत सोडली होती. पुढचं सगळं माझं मीच वाचलं, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही. या वर्गाला लिहिता-वाचता येणं एवढीच अट होती. म्हटलं, चला!

खिडकीतल्या बाबूने विचारलं, "आजी, नातवाचा फॉर्म का?"

"फॉर्म माझा. नातवाले भांडन शिकायची गरज नाही, तो माझ्याच घरी वाढला!"

*

वर्गात एक रिटायर हवालदार होते. मिशी अजून ड्युटीवर! पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "शांतता म्हणजे काय?"

हवालदार उभे राहिले. "मी गावात गेलो की जे होते, ते!"

मी मागून म्हटलं, "अन् तुमी परत गेल्यावर काय होते, तेही सांगा ना बापा!"

सर एवढे खूश झाले की खडू हातातून पडला. "वा! धाकानं गप्प बसणं, तिला म्हणतात नकारात्मक शांतता!"

हवालदार दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते दारातूनच कुरकुरत, "तीस साल नोकरी केली, अन् हा पोरगा मले नकारात्मक म्हनते!"

*

मग आलं 'ऐकण्याचं प्रात्यक्षिक'. जोडी करायची. एकाने पाच मिनिटं आपलं म्हणणं सांगायचं, दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. माझ्या जोडीला पूजा, गोंदियाच्याच बाजारातली पोरगी. ती तिच्या सासूबद्दल सांगू लागली. अर्ध्या मिनिटात मी उपाय सांगितला. एका मिनिटात दुसरा.

"आजी, आप बीच में मत बोलो ना!"

"मी मधात कुठं बोलून राहिली? तू सुरू करायच्या आधीपासूनच बोलून राहिली!"

सरांनी माझ्या वहीत नावापुढे शून्य टाकलं. वर्गात शून्य मिळालेली मी एकटीच. वहीचं ते पान मी अजून जपून ठेवलंय!

*

सर्टिफिकेटसाठी प्रकल्प करायचा होता. एक खरं भांडण घ्यायचं, दोन्ही पक्षांचं म्हणणं लिहायचं, मिटवायचा प्रयत्न करायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या.

मी वही घेऊन गावात निघाले. दोन भाऊ धानाच्या तणसाच्या ढिगावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मला पाहिलं आणि थबकले.

"आमचं काही नाही वो माय! आमी तं हासून राहिलो!"

आठवडाभरात गावात एकही भांडण उरलं नाही. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आजी, तुमचं स्वतःचं एखादं नाही का?"

वर्ग हसला. मी नाही हसले. माझं होतं.

*

माझी धाकटी जाऊ सगुणा. आमची धानाची शेतं लागून; माझी बांधी वर, तिची खाली. गावतळ्याचं पाणी माझी बांधी भरली की मधल्या धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, वाटेनं तिच्याकडे जायचं. नऊ वर्षांपूर्वी, ऐन धान रोवण्याच्या दिवसांत, तिनं मला न विचारता धुरा फोडला आणि माझी बांधी कोरडी पडली. मी ती वाट बुजवली. बोलणंही बुजलं.

वही घेऊन तिच्या दारात गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमाले सही पायजे म्हनून आल्या. मी पायजे म्हनून नाही आल्या."

मी वही काखेत मारली आणि उलट्या पावली निघाले.

घरी येऊन लिहायला बसले. 'पक्ष क्रमांक एक'चं म्हणणं सहा पानं झालं. 'पक्ष क्रमांक दोन'खाली पेन टेकवला आणि कळलं, तिनं धुरा का फोडला, हे मला ठाऊकच नाही. लिहिलं, 'माहीत नाही.' सहीची जागा कोरी ठेवून वही सरांना दिली. सर म्हणाले, "आजी, सहीशिवाय पास होणं कठीण आहे."

"खोटं लिवून पास व्हायले मी इथं नाही आली."

वही गेली. आता मी काही केलं तर ते मार्कांसाठी केलं, असं म्हणायला कोणी मोकळं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फावडं घेतलं आणि बुजवलेल्या जागी धुरा फोडला. गावात कोणालाही सांगितलं नाही. मी! न सांगता!

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे साहेब आले होते. वही उलटून म्हणाले, "आजी, दुसऱ्या पक्षाचं म्हणणं नाही, सही नाही. मी काय तपासू?"

तेवढ्यात दारात सगुणा! गुडघ्यापर्यंत चिखल सुकलेला, तशीच एस.टी.त बसून आलेली. परीक्षेची तारीख अख्ख्या गावाला मीच सांगितली होती.

"तो दोन नंबरचा पक्ष मीच आहो, सायेब. लिवून घ्या."

आणि ती बोलू लागली. "माजे रोवायचे परे पान्याबिगर वारून चालले होते. मी इचारायलेच गेली होती बाईच्या दारात. मी 'बाई' म्हनलं, अन् यायनं सुरू केलं. मी उभी, बाई बोलून राहिल्या. दिवस डोक्यावर आला, मले तोंड उघडू देल्लं नाही. मंग मी वापस गेली, अन् धुरा फोडला."

नऊ वर्षांचं सगळं काढलं तिनं. त्यातलं निम्मं चूक होतं. निदान चार ठिकाणी माझ्याकडे चोख उत्तर होतं. सर माझ्याकडे बघत होते, पूजा बघत होती, हवालदारांनी तर मिशीवरचा हात काढला होता. मी बसून राहिले.

सगुणा बोलता बोलता थांबली. माझ्याकडे पाहिलं. जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"सायेब, बाईले पास करा नाहीतर नापास करा, पर पयले पानी पाजा! एवढा येळ चूप आहेत, काही तरी झालं यायले!"