बाळंतिणीच्या खोलीत फुल नेट

या सदरातले अनुभव मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही नवरा-बायको पोट धरून हसायचो. हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्ही मला हसलात तर फिट्टंफाट. मी मालवणचा. वायफाय बसवण्याची कामं करतो. तारकर्लीपर्यंतच्या किती होमस्टेंमध्ये मी डबे टांगलेत ते आता आठवतही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... सध्या हाताशी वेळ भरपूर आहे, म्हणून लिहायला घेतलं.

माझी मोठी बहीण, ताई, पुण्यातल्या एका कंपनीत आहे. भावजी बोटीवर असतात, सहा-सहा महिने येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात तिच्या सासूचं, म्हणजे काकीचं, खुब्याचं हाड मोडलं आणि ताई घरून काम करण्याची परवानगी काढून गावी आली. गाव मालवण-तारकर्ली रस्त्याच्या आतल्या अंगाला. नाव देत नाही. घर चिऱ्याचं, भिंती दीड फूट. पुढे पडवी, मग माजघर, मागे ताईची खोली. माजघर आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक लहान खोली, खिडकी नसलेली. पूर्वी घरातल्या बाळंतिणी तिथे असत. आता तिथे तांदळाचे डबे आणि सोललेले नारळ.

अशा भिंतींना एक राऊटर पुरत नाही, म्हणून मी तिथे मेश बसवलं. म्हणजे एकाच वायफायचे तीन डबे: पडवीत, माजघरात, ताईच्या खोलीत. माणूस घरात फिरला की फोनने आपोआप जवळचा डबा पकडायचा. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अकराच्या मीटिंगमध्ये ताईने तोंड उघडलं की तिचं चित्र गोठायचं. कंपनीने शेवटचं सांगितलं होतं, हे असंच चाललं तर पुण्याला परत या. आणि काकीला तेव्हा संडासापर्यंतसुद्धा धरून न्यावं लागत होतं.

मी काय नाही केलं... डबे हलवले, चॅनल बदलले, सॉफ्टवेअर अपडेट केलं, खाऱ्या वाऱ्याने गंजलेली पिन बदलली, शेवटी मधल्या डब्यापर्यंत वायर ओढली. ताई तिसऱ्या डब्यापासून दोन हातांवर बसायची, तरी तिचा लॅपटॉप माजघरातला डबा सोडायचा नाही. मी अक्षरशः हात टेकले.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. कडक ऊन. ताईची मीटिंग सुरू झाली आणि मी माझा लॅपटॉप घेऊन घरभर सिग्नल मोजत होतो. बाळंतिणीच्या खोलीत शिरलो. चारी बाजूंनी चिरा, तिथे काही मिळेल अशी आशाच नव्हती. पण सिग्नल फुल! तांदळाच्या डब्यावर बसून मी बघत राहिलो. पंधरा मिनिटं रेघ जराही हलली नाही. भिंतीपलीकडे ताई न अडखळता बोलत होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

उठलो आणि दार ओढलं, तर दार उघडेना. त्या दाराला कडी नाही, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. पावसात लाकूड फुगतं, पण हे ऑक्टोबरचं ऊन. मी ओढलं, खांदा दिला, लाथा घातल्या, ओरडलो. ताईचं हसणं मला ऐकू येत होतं, माझं बोंबलणं तिला नाही. आत ओव्याच्या धुरीचा वास येऊ लागला, बाळंतिणीला देतात तसा. मी ताईला मेसेज केला, दार उघड. लगेच उत्तर आलं, "थंयच बस." तिथेच बस म्हणे! मी चार शिव्या टाईप केल्या. पुन्हा उत्तर, "जाव नको."

ताई कधी टाईप करत नाही, कंटाळा येतो तिला, नेहमी बोलून पाठवते. हे मला तेव्हा आठवलं. मी चाळीस वर्षांचा माणूस, तिथे बसून आईला हाका मारल्या. आई जाऊन आठ वर्षं झाली.

सव्वाबाराला काकी वॉकर टेकत तांदूळ काढायला आली. तिने एका बोटाने दार लोटलं.

"हय कित्याक बसलंस रे झिला? दार नुसता लोटलेला आसा."

मी बाहेर पाय टाकला आणि मागच्या खोलीतून ताईचा आवाज आला, नेट गेलं. मेसेज तिच्या फोनवर नव्हतेच. माझ्या फोनवर आहेत. तिने पाठवून पुसले असतील, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं आणि तिच्याशी भांडलो.

मग मी जी चूक केली ती फक्त माझ्या धंद्यातला माणूसच करील. मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलं. काकीला आत बसवलं, नेट उत्तम. तिला बाहेर आणलं, नेट गेलं. माणसाऐवजी आत चालू लॅपटॉप ठेवला, तरी गेलं. काकीला याचं काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "पयला ही खोली रिकामी ठेवी नसत. बाळंतीण उठान गेली तरी कोणतरी थंय बसाकच व्हया. आता पोरां दवाखान्यात जल्माक येतत, कोण बसतला?"

ताई म्हणाली, मग मीच तिथे बसून काम करते. तिला त्या खोलीत बसू देऊ नये, हे मला आतून कळत होतं. पण नोकरी वाचत होती, आणि खरं सांगायचं तर बिघाड सापडल्याचा मला आनंदही झाला होता. टेबल मीच आत नेलं, वायर ओढून सॉकेट मीच बसवला.

पुढे व्हिडिओ कॉल केला की ताई कायम त्याच भिंतीसमोर. आधी कामापुरती, मग जेवायला, मग झोपायलासुद्धा. काम पडलंय म्हणायची. चित्र मात्र आरशासारखं स्वच्छ.

भाऊबीजेला गेलो, तर पाट माजघरात, त्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून मांडलेला. ताई आत उभी. ओठ फुटलेले, पाय सुजलेले. काकी खाली मान घालून बसली होती. मी म्हटलं, "ताई, बाहेर ये."

"येतंय मा. तू आधी दार उघड."

दार सताड उघडं होतं. आमच्यामध्ये फक्त उंबरठा होता.

मी तिन्ही डब्यांच्या वायरी उपटल्या. तरी तिच्या लॅपटॉपवर नेट फुल. हात धरून तिला ओढलं, तर मोकळ्या हवेत तिचं कपाळ आपटलं आणि टेंगूळ आलं. ती रडायला लागली. बारा दिवस समुद्र बघितला नाही, म्हणाली. ज्या बहिणीच्या पाठीवर बसून मी पोहायला शिकलो तिला मीच इथे बसवलं होतं. मला ते सहन झालं नाही. मी शूर वगैरे नाही, पण पाय उचलला आणि आत गेलो. ताईने माझ्या मागे बघितलं आणि म्हणाली, "उघडला." ती बाहेर गेली. मग उंबऱ्यापलीकडून तिने मला ओवाळलं. ओवाळणीत काय घातलं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

आज पाचवा दिवस. ताई पडवीत बसून काम करते, मीटिंग एकदाही तुटली नाही. काकी ताट आत सरकवते तेवढा वेळ माजघरातला उजेड दिसतो. परवा सुताराला बोलावून दार बिजागऱ्यांसकट काढलं. ते अंगणात पडलंय म्हणतात. मला समोर बंदच दिसतंय. ताई रोज म्हणते, चल, बदली करू. मी नाही म्हणतो. बायकोला मोठं काम मिळालंय असं सांगितलंय. किती दिवस पटेल कोण जाणे.

मी यंत्रांवर पोट भरणारा माणूस, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. भीती मात्र खूप वाटते. आत्ताही ताई पलीकडून सांगतेय, "बाबू, वाट मोकळीच आसा रे." कुणाला असं काही माहीत असेल तर कृपा करून लिहा. कधीही लिहा, लगेच वाचेन. इथलं नेट जात नाही.