थांबलेला पंखा

पंख्याच्या विमानाचा फोटो काढताना शटर मंद ठेवायचं, हे आम्हा विमानांचे फोटो काढणाऱ्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मंद ठेवलं तर पंखा फिरताना दिसतो. वेगवान ठेवलं की पाती गोठतात आणि विमान हवेत बंद पडल्यासारखं दिसतं. मी सिंगापुरात शिकलो ते मात्र जेटवर. जेटला बाहेर पंखाच नसतो, त्यामुळे वेगवान शटरची सवय हाडात मुरलेली.

मी आयटीवाला. आठवडाभर ऑफिस, सुट्टीच्या दिवशी एका विमानविषयक मासिकासाठी फोटो. त्या रविवारी वुडलँड्सहून बसने समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मलेशियातल्या जोहोरला गेलो. तिथे किनाऱ्यावर हौशी वैमानिकांची शर्यत होती. समुद्रात हवा भरलेले उंच खांब उभे केले होते. एकेका विमानाने त्यांच्यामधून वळणं घेत जायचं, सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकला. आधी जेटच्या कसरती झाल्या. त्यासाठी मी शटर वाढवलं आणि शर्यतीच्या वेळी खाली आणायला विसरलो.

तिसरा स्पर्धक आमच्या मराठी मंडळातला. राहायला सिंगापुरातच, बुकित तिमाहला, गणपतीत मोदकांच्या पैजा लावणारा. त्याचा एक फोटो मिळाला: चेहरा स्पष्ट, नजर पुढच्या खांबावर. त्याच वळणावर तो फार खाली आला, पंख पाण्याला लागला आणि विमान कोसळलं. तो वाचला नाही. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत भरदार होता. तो अजून माझ्या कानात आहे.

संपादकांनी फोटो पाहून विचारलं, "इंजिन बंद पडलं होतं का?"

शटर विसरलो हे सांगायची मला लाज वाटली. "लांबून कळलं नाही," म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटो पानभर छापून आला.

अपघाताच्या चौकशीचा निकाल लागला: वैमानिकाची चूक. त्यानंतरच्या शनिवारी त्याची बायको मुलीला घेऊन माझ्या फ्लॅटवर आली. बसायच्या आधीच वहिनींनी मासिकातलं ते पान उघडलं.

"भाऊजी, हे बघा ना, पंखा थांबलाय. आणि ते म्हणतात ह्यांची चूक. मी अपील करतेय. तुम्ही तिथे होतात, तेवढं लिहून द्या."

"आय टोल्ड माय फ्रेंड्स ऑलरेडी, अंकल," मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "नॉट पपाज फॉल्ट, लाह."

मुलीला मी आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला. मग कॅमेरा आणला, टेबल फॅन सुरू केला आणि त्याचा फोटो काढून वहिनींपुढे धरला. फॅन गरगरत होता, फोटोत तिन्ही पाती स्तब्ध. त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा फॅनकडे पाहिलं.

"शटर ठेवण्यात माझी चूक झाली, वहिनी. आवाज मी ऐकला होता. इंजिन चालू होतं."

"हे मासिकवाल्यांना सांगितलंत?"

"नाही."

"म्हणजे तुमची चूक तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत. ह्यांची तेवढी मी माझ्या पोरीला सांगायची."

मला स्वतःची शिसारी आली. मासिक टेबलावरच ठेवून त्यांनी मुलीला हाक मारली.

दारात बूट घालून झाल्यावर मुलगी माझ्याकडे वळली. "थँक यू, अंकल, फॉर हेल्पिंग पपा," ती म्हणाली.