कमळाकरला विचारून ठरणारा रस्ता

१९९७ साली न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात मी रेडिओ मोडेम, म्हणजे बिनतारी निरोप धाडणारी यंत्रं, बसवले. गेटवर, वजनकाट्यावर आणि ऑफिसात एकेक. आत आलेल्या डब्याचा, म्हणजे कंटेनरचा, नंबर गेटवरून बिनतारी थेट ऑफिसात पोचावा, ही माझी योजना. चार दिवस पोचला. पाचव्या दिवशी बंद.

मी केबल बदलली, अँटेना बदलली, हवेला दोष देऊन झाला. शेवटी क्रेनचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा कमळाकर शेडगे, केबिनमधून उतरला.

"सायेब, मधी लोखंडाची भिंत हाय की. काल चार थर रचले न्हवं का मी!"

तोवर मान वर करायचं मला सुचलंच नव्हतं. मग मी निरोपाला दुसरा रस्ता दिला: गेटवरून काट्यावर, काट्यावरून ऑफिसात. दोन दिवसांनी काट्यासमोर डबे लागले. तेव्हापासून रोज संध्याकाळी कमळाकरला चहा पाजायचा, उद्या डबे कुठं रचणार ते विचारायचं आणि तसा रस्ता बदलायचा, एवढंच माझं इंजिनिअरिंग उरलं.

मॅनेजर सुचित्रा मॅडमना वाटे, सिस्टिम आपणहून रस्ता शोधते. मीही वाटू दिलं. बेलापूरच्या मीटिंगमध्ये तर फळ्यावर बाण काढून समजावूनही सांगितलं.

मग कमळाकर आठ दिवस गावी गेला. त्याच्या बदलीचा ड्रायव्हर डबे कुठं रचेल ते त्यालाही आधी ठाऊक नसायचं. दुसऱ्याच दिवशी नंबर थांबले, गेटबाहेर ट्रक तुंबले.

"आशुतोष, तुमची सिस्टिम आज रस्ता का शोधत नाही?"

"मॅडम, ती पुतणीच्या लग्नाला गेलीय."

सगळं सांगावं लागलं. मॅडम हसल्या नाहीत. उरलेला आठवडा नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन गेट ते ऑफिस मीच धावलो. एकही निरोप हुकला नाही. माझ्या नोकरीतली तेवढीच बिनचूक सेवा.

कमळाकर बुंदीचे लाडू घेऊन परतला. हकीकत ऐकून म्हणाला, "मला रोज इचारण्यापरीस एक यंत्र त्या दिव्याच्या खांबावर टांगा की. कुटं बी डबं लावा, खांब दिसतोयच."

चौथा मोडेम खांबावर चढला. कुणाचाही निरोप तो झेलायचा आणि पुढं धाडायचा. रस्ता बदलायचं काम संपलं. मी रिपोर्टात कमळाकरचं नाव लिहिलं आणि मोठ्या ऐटीत त्याला दाखवायला नेलं.

"नाव र्‍हाऊ द्या, सायेब. केबिनीत पंखा तेवढा बसवा."

पंखा मंजूर व्हायला दोन महिने लागले. बसवला मीच. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या, त्यामुळं पहिल्या दिवशी दिवसभर पंख्याची हवा काचेकडेच गेली.