ट्यूबांच्या तराफ्यावरून गेलेला पाहुणा

आमच्या बाबांनी समुद्र कधी पाहिला नाही. सगळा जन्म नागपुरात, हातमागावर गेला. पण क्यूबाबद्दल ते असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे उमरेडच्या पलीकडचंच एखादं गाव आहे. तिथे दवाखान्यात पैसे लागत नाहीत, सगळ्यांना लिहितावाचता येतं. लाल बावट्याच्या पक्षाच्या सभेत ऐकलेलं ते माग चालवता चालवता शेजाऱ्यांना सांगत.

मी शाळेत असताना क्यूबाहून आलेला एक तरुण आमच्या घरी जेवला. पक्षाचे पाहुणे देशभर फिरत होते, नागपुरात त्यांना विणकरांची वस्ती दाखवली. बरोबर मुंबईचे एक नेते होते. पाहुणा इंग्रजीत बोले आणि ते आम्हाला मराठीत सांगत.

आईने मटणाचा रस्सा केला होता, वर बोटभर तर्री. पाहुण्याचे डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, तरी त्याने पुन्हा वाटी पुढे केली. मग बाबांच्या मागावर बसून त्याने धोटा फेकून पाहिला. सूत तुटलं. एरवी बाबा अशा वेळी घर डोक्यावर घेत, त्या दिवशी हसले. "तुमच्या देशात कसं आहे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो बराच वेळ बोलला. बोलताना आवाज खाली आला होता. नेते म्हणाले, "म्हणतोय, आमच्याकडे सगळं उत्तम आहे."

निघताना बाबांनी त्याला मिठी मारली. आमच्या घरात मिठी मारायची रीत नव्हती. मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर तो तरुण बाबांच्या प्रत्येक भाषणात येऊ लागला. "क्यूबातला माहा भाऊ," असं ते म्हणत. नेते दरवर्षी नागपूरला येत. बाबा विचारत, "आपला भाऊ कसा आहे?" नेते म्हणत, "मजेत."

मग ऐंशी साली रेडिओवर बातम्या येऊ लागल्या, की क्यूबातून हजारो माणसं बोटींत बसून अमेरिकेला निघाली आहेत. पानठेल्यावर बाबांना लोक गाठत. "काहून गा, तुह्या स्वर्गातून लोक पळून राहिले म्हणते?"

"अमेरिकेचा प्रचार आहे," बाबा म्हणत. "माहा भाऊ आहे तिथं. तोच सांगन खरं काय ते."

त्या वर्षी नेते सभा आटोपून आमच्याकडे चहाला आले. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी बसल्या बसल्याच विषय काढला. "त्याच्याकडून दोन शब्द आणून द्या ना. लोकाईचं तोंड बंद होईन."

नेत्यांनी कप खाली ठेवला. "तो आता तिथे नाही. गेला."

"मेला?" आईने दारातून विचारलं.

"पळाला. ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून तराफा केला आणि दोघातिघांबरोबर समुद्रात शिरला. झाली काही वर्षं."

बाबांनीही कप खाली ठेवला. "तुमाले तवाच माहीत होतं?"

"होतं."

"अन् मी दरसाल इचारलं, त तुम्ही मजेत म्हणत होते."

"तुमच्यासारख्यांचा विश्वास मोडला असता. चळवळीत काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात."

"पोचला का पण तो?" आईने विचारलं.

"त्याची चौकशी आम्ही कशाला करू?"

बाबा उठून उभे राहिले. "चहा घ्या अन् निघा," म्हणाले. घरी आलेल्या माणसाला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

नंतर कितीतरी दिवस ते त्या तरुणावरच चिडलेले होते. "माह्या ताटात जेवला, माह्या मागावर बसला, अन् मलेच खोटं सांगून गेला. सगळं उत्तम आहे म्हणे!"

एकदा आई धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरता भरता थांबली. "अवो, तो काय बोलला हे तुमाले समजलं होतं का? तो घंटाभर बोलला, अन् नेत्यायनं एका वाक्यात सांगून टाकलं."

बाबांच्या हातातला धोटा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणा आला तेव्हा मला इंग्रजीची एबीसीडी सोडून काही येत नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली. खरंच, तो काय बोलला होता हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा सायकलवरून सक्करदऱ्याकडे गेले. तिथल्या पंक्चरवाल्याला त्यांनी विचारलं, ट्रकच्या एका ट्यूबवर किती माणसं तरंगतील. तो हसला. "बाप्पा, तलावात पोहाचं आहे काय?" घरी येऊन बाबांनी हे आईला सांगितलं, पण उत्तर काय मिळालं ते सांगितलं नाही.

पक्ष त्यांनी सोडला नाही. मजुरीसाठी मोर्चा निघाला की जात, घोषणाही देत. पण भाषण करायला उठवलं, की घसा बसलाय म्हणून खालीच बसत. नेते पुढे दोनदा वस्तीत आले. दोन्ही वेळा बाबा माग सोडून उठले नाहीत.

त्या तरुणाचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.